गाठ दिसली, म्हणून काय कळले?

सीटी स्कॅनवर फुफ्फुसात गाठ दिसली, एवढ्यावरून कॅन्सर कळला असे म्हणता येते का? प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण मुळात तो प्रमाणाचा, म्हणजे ज्ञान कशाच्या आधारे खरे मानायचे याचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात शेळ्यामेंढ्यांचे कळप आणि त्यांच्यासोबतची कुत्री गावोगाव आहेत, म्हणून इथे तो टाळता येत नाही. मेंढीची रोगट आतडी-काळीज खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात इवलासा पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी हाताला, पाण्याला लागून माणसात शिरतात आणि यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याची गाठ वर्षानुवर्षे मोठी होते. डॉक्टर तिला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. अखंड असेल तर ती बहुधा ओळखू येते. फुटली किंवा आत पू झाला की हुबेहूब कॅन्सरसारखी भरीव दिसू शकते. मणिपूरकडे कच्च्या खेकड्यांतून होणारा फुफ्फुसकृमीही असाच चकवतो, आणि तो तर प्राझिक्वांटेलच्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. पेट स्कॅनही निवाडा देत नाही, कारण किरणोत्सारी साखर कॅन्सर ओढून घेतो तशी दाह झालेली जागाही घेते.

अशा अनिश्चिततेचा विचार न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेने केला आहे. तिच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, प्रमाण (ज्ञानाचे साधन) आणि प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्यानंतर लगेच संशय येतो. अंधुक उजेडात उंची दिसते, हातपाय दिसत नाहीत, तेव्हा तो खुंट की माणूस हे ठरत नाही. स्कॅनवरची गाठ नेमकी याच अवस्थेत असते. रुग्ण विडी ओढणारा असला तर कॅन्सरची शक्यता वाढते, निश्चय होत नाही. जे सिद्ध करायचे ते (साध्य) नसतानाही आढळणारी खूण (हेतू) सव्यभिचार, म्हणजे बेभरवशाचीच.

कॅन्सर थांबत नाही, संशयात वेळ जाईल, हा आक्षेप खरा आहे. पण नैयायिकांचा संशय परीक्षेला प्रवृत्त करतो. तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. याहून अवघड आक्षेप असा, की पुरावा मिळवणेच धोक्याचे ठरू शकते. हायडॅटिड गाठीत सुई घातली आणि आतले पाणी सांडले तर जिवावर बेतणारी ॲलर्जी उठू शकते. म्हणून सुईआधी विचारपूस हवी: घरी कुत्री आहेत का, मेंढरे कोण कापतो, आतडी कुठे टाकतात? रुग्ण मेंढपाळ असेल तर आपल्या जगण्याविषयी तोच आप्त, म्हणजे विश्वासार्ह सांगणारा आहे, त्याचा शब्द प्रमाण आहे. वरवरच्या विचारपुशीत हे प्रमाण हातचे जाते, आणि मला हा ज्ञानाइतकाच न्यायाचाही प्रश्न वाटतो. रुग्णाला अनिश्चितता सोसवत नाही, असेही म्हणतात. मात्र कॅन्सर हा शब्द ऐकून घर जमीन विकायला निघते. ‘गाठ आहे, कशाची ते ठरायचे आहे, त्यासाठी या तपासण्या’ एवढे खरे वाक्य त्याला नक्की सोसवते.