अवयव बदलले, अवयवी तोच?

सुकापूरच्या पावसाळी दमट हवेत जपलेल्या आयबीएम पीसी एटी (1984) या संगणकाचा वीजपुरवठा संच निकामी झाल्यावर त्या जागी 1995 नंतरचा एटीएक्स संच बसवला, तर संगणक तोच राहतो का, हा प्रश्न न्याय-वैशेषिकांच्या अवयवी-विचाराशी, म्हणजे घटकांहून वेगळी अशी समग्र वस्तू मानणाऱ्या मताशी, थेट भिडतो. अवयव बदलताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असे ते मत सांगते. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेनाला मात्र अवयवांनी बनलेला रथ हे केवळ व्यवहारातले नाव वाटते. यंत्राचा आग्रह याहून काटेकोर आहे: नव्या संचांतून बहुधा वगळलेला उणे 5 व्होल्टचा पुरवठा काही जुन्या कार्डांना लागतोच, आणि मदरबोर्डला वीज देणाऱ्या पी8-पी9 जोडण्यांच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या नाहीत, तर तो जळू शकतो (तत्त्वचर्चा तिथेच आटोपते). म्हणून कार्य टिकवणारा बदल ग्राह्य मानावा, मात्र जुना संच भंगारात देऊ नये.