शिक्का आणि विवेक

मनुष्य सत्कृत्य कां करतो, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु आतां तो तत्त्वज्ञांच्या बैठकींतून उठून बाजारांत आला आहे. दुकानांत एकाच कामाच्या दोन वस्तु शेजारीं शेजारीं मांडलेल्या असतात. एकीवर, ही सृष्टीस कमी अपायकारक आहे, अशी खूण असते आणि बहुधा तिची किंमतही थोडी अधिक असते. कोणती घ्यावी असें विचारल्यास सुशिक्षित गृहस्थ बिनदिक्कत खुणेच्या वस्तूकडे बोट दाखवितो. पिशवींतून घरीं मात्र पुष्कळदां बिनखुणेचीच येते. बोलणें आणि करणें यांमध्यें एवढें अंतर कां पडावें?

या प्रश्नाचें अर्धें उत्तर आपल्याच देशांतील दोन खुणांच्या इतिहासांत आहे. पश्चिम जर्मनीनें १९७८ सालीं 'ब्लू एंजल', म्हणजे निळा देवदूत, ही अशा प्रकारची पहिली खूण काढली. पुढें १९९१ सालीं भारत सरकारनें 'इकोमार्क' सुरू केला. त्याचें चिन्ह मातीचा माठ. मातींतून यावें, माणसाची तहान भागवावी आणि पुन्हां मातींत मिळावें. याहून समर्पक चिन्ह मिळणें कठीण. तरी फार थोड्या कारखानदारांनीं तो माठ आपल्या मालावर मिरविला, गिऱ्हाइकांनींही तो फारसा मागितला नाहीं, आणि २०२४ सालीं सरकारनें जुनी योजना बदलून नवे नियम केले. उलटपक्षीं, २००६ सालीं निघालेली वीजबचतीच्या ताऱ्यांची खूण पाहा. फ्रिज घेण्यास निघालेलें कुटुंब तारे मोजल्यावांचून सहसा पैसे मोजीत नाहीं. पुढें कांहीं उपकरणांवर ही खूण सक्तीची झाली, हें खरें. पण तिच्या यशाचें कारण तेवढेंच नव्हे. तारा महिन्याच्या वीजबिलाविषयीं बोलतो. माठ नदीविषयीं, हवेविषयीं, अजून न जन्मलेल्या नातवंडांविषयीं बोलतो.

एवढ्यावरून मनुष्य केवळ स्वार्थी आहे, असा निष्कर्ष काढणें आम्हांस मान्य नाहीं. जें हित सर्वांचें असतें, तें एकट्याच्या हातून साधत नाहीं. म्हणून 'मी एकट्यानेंच भुर्दंड कां सोसावा?' या शंकेंत स्वार्थापेक्षां एकटेपणाच अधिक असतो. गोल्डस्टीन, चाल्डिनी व ग्रिस्केविशियस या संशोधकांनीं अमेरिकेंतील एका हॉटेलांत केलेला आणि २००८ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग हेंच सांगतो. न्हाणीघरांतील पाटीवर जेथें सृष्टिरक्षणासाठीं टॉवेल पुन्हां वापरण्याची विनंती होती, तेथें शेंकडा सुमारें ३५ पाहुण्यांनीं ती मानली. जेथें बहुतेक पाहुणे असेंच करतात असें लिहिलें होतें, तेथें सुमारें ४४ जणांनीं. सोबत मिळाली कीं चांगुलपणाला धीर येतो.

तिसरी गोष्ट विश्वासाची. 'हरित', 'नैसर्गिक' हे शब्द विक्रेता स्वतःच वाटेल तेथें छापूं लागला, म्हणजे गिऱ्हाईक खऱ्या खुणेकडेही संशयानें पाहतें. २०२४ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें अशा फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, हें योग्यच झालें. खोटा शिक्का मारणारा एका गिऱ्हाइकास फसवितो एवढेंच नव्हे. तो पुढच्या प्रामाणिक कारखानदाराची वाटही बुजवितो.

येथें एखादा कर्मठ नीतिवादी विचारील कीं, बिलाच्या धाकानें अथवा शेजाऱ्याच्या अनुकरणानें केलेल्या निवडीला सदाचार म्हणावें काय? आमचें उत्तर असें कीं, वांचलेला कोळसा खरेदीमागचा हेतु विचारीत नाहीं. परंतु म्हणून हेतूचा प्रश्न निरर्थक ठरत नाहीं. लाभासाठीं आलेला मनुष्य लाभ संपतांच परत फिरतो. आणि शिक्क्याची वस्तु घेतली म्हणजे कर्तव्य संपलें, असें ज्याला वाटतें, तो पांच ताऱ्यांचें यंत्र रात्रंदिवस चालवून ताऱ्यांची सारी कमाई घालवून बसतो.

तेव्हां लाभ, सोबत आणि विश्वास या विवेकाकडे नेणाऱ्या पायऱ्या होत; त्यांनाच कोणी देऊळ समजूं नये. दोन वस्तूंतील बरी कोणती, हें शिक्का सांगूं शकतो. त्यांपैकीं एकीची तरी गरज आहे काय, हें तो कधींच सांगणार नाहीं. तो निवाडा ज्याचा त्यानेंच करावयाचा आहे. कारण जी वस्तु घेतलीच नाहीं, तिच्यावर कोणतीही खूण उमटत नसते.