दुसरे वाद्य

नागपुरातील एका लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजविणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आला. मालकाने त्याला युफोनियम शिकून घेण्यास सुचविले होते. दोन वाद्ये येऊ लागली तर बोलावणी वाढतील, हे उघडच होते. परंतु त्या युफोनियमवर अनेक वर्षे एक वयस्कर वादक आहेत आणि आता त्यांचे पुढचे दात हलू लागले आहेत. "मी शिकलो की काकांना घरी बसवतील. मग शिकावे की नाही?" असा त्याचा प्रश्न होता.

बँडवाल्यांचे पंचांग आपणां सर्वांस ठाऊक आहे. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक हिंदू विवाह थांबतात. मारबत, गणपती, दसरा यांवर मधले काही दिवस निभतात. नाताळच्या हंगामात थोडे काम निघते. उरलेले डीजेने खाल्ले. २०२० च्या टाळेबंदीत तर एक वाद्य येणारा आणि चार वाद्ये येणारा सारखेच घरी बसले. अशा धंद्यात हाताशी आणखी एक विद्या असावी असे वाटणे, यास आम्ही लोभ म्हणणार नाही.

कलावंताने एकाच वाद्याला वाहून घ्यावे, असे काही रसिक म्हणतात. हे म्हणणारे बहुधा वाद्यावर पोट भरणारे नसतात! गोव्याच्या चर्चशाळांत शतकानुशतके मुलांना आधी स्वरलिपी शिकविली जाई, मग व्हायोलिन किंवा फुंकवाद्य. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट आणि व्हायोलिन दोन्ही वाजवीत. पुढे त्यांनीच 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. मडगावचे ख्रिस पेरी ट्रम्पेट व सॅक्सोफोन दोन्हींवर सराईत होते. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात ट्रम्पेटे मोजकी आणि व्हायोलिने पुष्कळ लागत. ज्याला दोन्ही येत, त्याचे दार अधिक वेळा ठोठावले जाई. त्यांची निष्ठा स्वरांवर होती, पितळेच्या नळीवर नव्हे.

कॉर्नेटवाल्याला युफोनियम तसे जवळचेही आहे. तेच तीन चाप, तीच बोटे, बँडच्या लिपीत स्वर लिहिण्याची रीतही तीच. फक्त आवाज एक सप्तक खाली. माउथपीस मात्र रुंद, आणि श्वास दुप्पट लागतो की काय असे वाटते. ओठ नव्याने बसवावे लागतात, नाही तर दोन्ही वाद्ये बिघडतात. क्लॅरोनेट घेतले असते तर पत्तीपासून बोटांपर्यंत सारेच नवे.

परंतु प्रश्न बोटांचा नव्हताच. दोन वाद्ये येणारा एक माणूस ठेवला की मालकाचा एक पगार वाचतो. आपले कौशल्य वाढविताना आपण दुसऱ्याची जागा आखडतो, हे आपल्या साऱ्याच नोकऱ्यांत घडते. येथे ते काकांचा चेहरा घेऊन समोर उभे होते, एवढाच फरक. शिकणे हे पाप नव्हे, असे आमचे मत झाले. न शिकल्याने काकांचे दात पक्के होणार नव्हते, आणि मालकाने दुसरा कोणी शोधलाच असता. मात्र त्यांच्या पाठीमागे, चोरून शिकणे आम्हांस पटेना. दुसऱ्या वाद्याची खरी गरज तर काकांनाच होती, आणि ती कोणी विचारातच घेतली नव्हती. ज्याला ओठ लागत नाहीत असे काही, झांज म्हणा, साइड ड्रम म्हणा, त्यांच्या हाती वेळीच यायला हवे होते.

"काकांकडूनच शीक, आणि मालकाला हो म्हणण्यापूर्वी त्यांच्या ड्रमचे बोल," असे आम्ही त्याला सांगितले. सांगणे आम्हांस सोपे होते. घरभाडे त्याला भरायचे होते. तो काही न बोलता गेला.

आता तो रोज सकाळी काकांच्या घरी जातो. मालकाशी अद्याप बोललेला नाही. तुळशीचे लग्न तीन आठवड्यांवर आले आहे.