स्वस्त प्रवास आणि अस्तेय

थोड्या पैशांत पुष्कळ पाहिलें असें सांगतांना प्रवाशाच्या मुद्रेवर जें समाधान दिसतें, तें आमच्या मध्यमवर्गाच्या चांगल्या परिचयाचें आहे. पुष्कळ खर्चून पुष्कळ पाहणाऱ्याचें आपणांस फारसें कौतुक वाटत नाहीं. थोडें खर्चून थोडें पाहणाऱ्याची आपण कींव करतों. परंतु कमींत कमी खर्चांत जास्तींत जास्त ठिकाणें पदरांत पाडून घेणारा मनुष्य घरोघर आदर्श म्हणून दाखविला जातो. काटकसर हा आमच्या वर्गाचा कुलधर्मच होय. तो प्रवासांतहि सुटूं नये हें स्वाभाविक आहे. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हीहि त्याच कुळांतले. पण प्रवासांत वांचविलेला प्रत्येक पैसा आपणच सोसून वांचविलेला असतो, कीं त्याची झळ दुसऱ्या कोणास तरी लागलेली असते, हा प्रश्न अलीकडे आमच्यापुढें उभा राहिला आहे. त्याचा विचार वाचकांबरोबर करावा असें वाटतें.

निमित्त साधें आहे. आमच्या एका तरुण स्नेह्यानें अंदमानच्या सहलीचा आंखलेला बेत आमच्यापुढें ठेविला. कोणत्याहि प्रवासी कंपनीच्या हवालीं न होतां, पत्नी व मुलगी यांसह, दहा दिवसांत सहा बेटें पाहावयाचीं असा तो बेत होता. कागदाच्या एका बाजूस दिवस, दुसऱ्या बाजूस खर्च, आणि तळाशीं बेरीज. ती बेरीज खरोखरच लहान होती. आम्ही पूर्वीं तिकडे जाऊन आलों असल्यामुळें त्यानें आमचा अभिप्राय विचारला, आणि आम्ही तो चटकन् देऊं शकलों नाहीं.

अंदमान व निकोबार मिळून शेंकडों बेटें आहेत, पण मनुष्यवस्ती तीसेक बेटांवरच आहे. २०११ च्या शिरगणतींत तेथील एकंदर लोकसंख्या सुमारें ३ लक्ष ८० हजार भरली. निकोबारचीं बेटें सामान्य प्रवाशास बंद आहेत. त्यामुळें आपल्यासारख्याची फेरी बहुधा श्रीविजयपुरम्, म्हणजे २०२४ पर्यंतचें पोर्ट ब्लेअर, आणि २०१८ पर्यंत हॅवलॉक व नील या नांवांनीं ओळखलीं जाणारीं स्वराज द्वीप व शहीद द्वीप, यांभोंवतीं असते. सवड असल्यास मनुष्य उत्तरेस लाँग आयलंड, रंगत, मायाबंदर, दिगलीपूर असा पुढें सरकतो. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावयाचें तर बहुधा बोटीवांचून गति नाहीं. खाजगी बोटी जलद, थंड हवेच्या आणि महाग. सरकारी बोटी संथ आणि स्वस्त. राजधानीहून स्वराज द्वीपास खाजगी बोट सुमारें दीड तासांत पोंचते, सरकारी बोटीस अडीच तास लागतात. भाड्यांत मात्र कित्येक पटींचें अंतर. स्वस्तांत बेटें हिंडण्याची सारी विद्या ह्या सरकारी बोटींवर उभारलेली आहे.

आतां, ज्या काटकसरीबद्दल आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं ती आधीं सांगूं. विमान दोनअडीच तासांत चेन्नईहून अंदमानांत उतरवितें. जहाजास तीन दिवस लागतात, आणि त्यांतील सर्वांत स्वस्त जागा म्हणजे अनेकांसमवेत एका मोठ्या दालनांतील एकावर एक फळ्यांचे बिछाने. तेथें इंजिनाची घरघर आहे, पोटांत ढवळणें आहे, तेंच तें जेवण आहे. तीन दिवस आणि शरीराचें सुख देऊन जो पैसे वांचवितो त्यानें आपलेंच कांहीं दिलें. शहीद द्वीप इतकें लहान आहे कीं तें पायीं किंवा सायकलीवर हिंडतां येतें. मोटार न करतां जो पाय दुखवून घेतो त्यानेंहि आपलेंच दिलें. पंचतारांकित खोलीऐवजीं एखाद्या बंगाली शेतकऱ्याच्या घरची साधी खोली घेणें, भात आणि मासळीचें कालवण यांवर संतुष्ट राहणें, हें तर काटकसरीचें भूषणच होय. कारण तेथें खर्च कमी होऊनहि पैसा गांवच्या माणसाच्याच हातीं पडतो. स्वतंत्र प्रवासाचा मोठेपणा आम्हांस ह्यांत दिसतो.

परंतु काटकसरीची दुसरीहि एक जात आहे. तिची ओळख आम्हांस पुस्तकांत नव्हे, धक्क्यावर पटली. एका लहान बेटावरून परत फिरतांना आम्ही पहांटे सरकारी बोटीच्या रांगेंत उभे होतों. तिकिटें आम्हीं मोठ्या हुशारीनें आधींच काढून ठेविलीं होतीं. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ उभे होते. हातांत प्लास्टिकची पिशवी, तींत इस्पितळाचे कागद. त्यांना तिकीट मिळालें नव्हतें. कोणी येणारें राहिलें तर जागा होईल ह्या आशेवर ते थांबले होते. कोणीच राहिलें नाहीं. बोट सुटण्याची वेळ झाली तेव्हां ते कोणावर न रागावतां इतकेंच म्हणाले कीं उद्यां जाऊं, आणि पिशवी सांभाळीत माघारीं वळले. आम्ही खिडकीपाशीं बसलों होतों आणि पाण्यांत डॉल्फिन दिसतो काय तें पाहत होतों.

आमच्याकडून कोणताहि नियम मोडला गेला नव्हता. पैसे भरले होते, तेहि बाहेरच्या माणसास लावतात त्या चढ्या दरानें. द्वीपवासीयांना त्याहून कमी भाडें पडतें. तरी हिशेब चुकल्यासारखा वाटत राहिला. ती बोट सरकार तोटा सोसून चालवितें, तें बेटावरच्या माणसास शाळा, कचेरी, इस्पितळ गांठतां यावें म्हणून. आमची गरज फिरण्याची होती आणि तिच्यासाठीं दुसरी बोट त्याच दिवशीं जात होती. तिच्या भाड्यांतून जे रुपये आम्हीं वांचविले त्यांच्या बदल्यांत एक दिवस द्यावा लागला, आणि तो दिवस आमचा नव्हता.

आमच्या शास्त्रकारांनीं यमांमध्यें अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन निरनिराळे सांगितले आहेत. काटकसरीचा विचार आपण नेहमीं अपरिग्रहाच्या अंगानें करतों: कमी वापरलें, कमी जमविलें, म्हणजे चांगलेंच केलें. आमचें म्हणणें असें कीं प्रवासांतल्या काटकसरीस अस्तेयाची कसोटी आधीं लाविली पाहिजे. दुसऱ्याचें न घेणें हा अस्तेयाचा अर्थ. आणि घेतलेली वस्तु पैसाच असली पाहिजे असें नाहीं. ती बोटीवरची जागा असेल, विहिरीचें पाणी असेल, किंवा एकांतांत राहण्याचा हक्क असेल. पूर्वींचे यात्रेकरू धर्मशाळेंत उतरत व अन्नछत्रांत जेवीत. त्यांचा प्रवासहि दुसऱ्याच्या खर्चानें होई. पण तेथें देणाऱ्यानें जाणून, संतोषानें दिलेलें असे. न विचारतां ज्याच्याकडून घेतलें जातें त्याचें दान होत नाहीं.

पाण्याचेंच पाहा. अंदमानांत वर्षाकाठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यांत तेथें पाण्याची टंचाई होते. समुद्र शांत, आकाश निरभ्र, म्हणून आपण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत जातों. आणि तेच महिने कोरडे असतात. समुद्रांत तीनदां डुंबून तीनदां गोड्या पाण्यानें अंग धुणाऱ्या प्रवाशास तें पाणी फुकट वाटतें, कारण खोलीच्या भाड्यांत त्याचा निराळा आंकडा नसतो. मोलभावाचीहि तीच गोष्ट. बहुतेक जिन्नस मुख्य भूमीहून जहाजानें येतात, म्हणून तेथें साखरेपासून साबणापर्यंत सर्व महाग. शहाळेंवाला किंवा रिक्षावाला दोन पैसे अधिक मागतो तेव्हां त्यालाहि त्याच महागाईंत संसार करावयाचा असतो. विमानाच्या तिकिटावर घासाघीस करतां येत नाहीं म्हणून जी बचत तेथें झाली नाहीं, ती शहाळेंवाल्याकडून वसूल करण्यांत चातुर्य असेल. पण त्याला काटकसर म्हणतांना जीभ अडखळावी.

आमच्या स्नेह्याच्या बेतांतील सहावा दिवस आम्हांस सर्वांत अवघड वाटला. त्या दिवशीं पहांटे मोटारीनें निघून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा व चिखलाचे ज्वालामुखी पाहावयाचे आणि सायंकाळीं परतावयाचें. खर्च थोडा, पाहावयास पुष्कळ. पण तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून जातो. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्या थांबवून ठराविक वेळीं पोलिसांच्या पहाऱ्यांत त्यांचा तांडा सोडतात. वाटेंत थांबूं नये, छायाचित्र घेऊं नये, कांहीं देऊं नये असे नियम आहेत. २०११ च्या शिरगणतींत जारवांची संख्या ३८० होती. शहरांतल्या एखाद्या मध्यम वसाहतींत याहून अधिक माणसें राहतात. १९९७ च्या सुमारापर्यंत ह्या लोकांनीं बाहेरच्यांस दूर ठेविलें होतें. जवळीक झाल्यावर थोडक्याच काळांत, १९९९ सालीं, त्यांच्यांत गोंवराची सांथ शिरली. त्यांच्या शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांचा इतिहास तर डोळ्यांपुढें आहे. १८५८ सालीं इंग्रजांनीं बंदिवानांची वसाहत स्थापिली तेव्हां ते हजारोंनीं होते. आज ते मूठभर उरले आहेत, आणि त्यांच्यांतील बो भाषा बोलणारी शेवटची वृद्धा २०१० सालीं वारली. राखीव प्रदेशांतील रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं दिला. रस्ता चालूच राहिला. २०१२ सालीं एका इंग्रजी वृत्तपत्रानें, खाण्याचें आमिष दाखवून जारवा स्त्रियांस नाचावयास लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हां देशभर संताप झाला.

कोणी म्हणेल कीं आमचा स्नेही नियम पाळणारा आहे. तो थांबणार नाहीं, छायाचित्र घेणार नाहीं. खरें आहे. पण मोटारीच्या कांचेंतून त्याची मुलगी बाहेर पाहीलच, आणि झाडें पाहण्यासाठीं नव्हे. उत्तरेकडील रहिवाशांस तो रस्ता गरजेचा आहे. त्यांचा आणि जारवांचा न्याय करणें कठीण आहे, तो करण्याचा अधिकारहि आमच्याकडे नाहीं. आमचा प्रश्न प्रवाशापुरता आहे. त्याची ती गरज नव्हे. दुसऱ्याच्या अंगणांतून रोज शेंकडों अनोळखी माणसांनीं जावें आणि त्यांत एकाची भर आपण घालावी, एवढें मोल चुनखडीच्या गुहांना आहे काय? रंगतला किंवा दिगलीपूरला बोटीनेंहि जातां येतें. पण त्या बोटी रोज नसतात, आणि दहा दिवसांत सहा बेटें करणाऱ्याच्या बेतांत त्या बसत नाहींत. दोष पैशाच्या कमतरतेचा नाहीं, बेटांच्या संख्येचा आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे व तो आम्हीं आमच्याच मनाशीं वारंवार घेतला आहे. अशा कसोट्या लावल्या तर प्रवास श्रीमंतांचाच होईल. सामान्य शिक्षकानें किंवा कारकुनानें समुद्र पाहूंच नये काय? आमचें उत्तर असें कीं सामान्य माणसानें अवश्य पाहावा. त्यानें महाग प्रवास करावा असें आम्ही म्हणतच नाहीं, लहान प्रवास करावा असें म्हणतों. जेथें खाजगी बोट जाते तेथें ती परवडत नसेल तर एक बेट कमी करावें. जेथें सरकारी बोटीवांचून मार्गच नाहीं तेथें गर्दीचा दिवस टाळून जावें, आणि एक दिवस मोकळा राखून ठेवावा. तो मोकळा दिवस व्यवहारासहि लागतोच. हवा बिघडली कीं बोटी रद्द होतात, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीं राजधानींत नसलेला मनुष्य पुष्कळदां नाडला जातो. श्रीमंताची सहल निर्दोष असते असेंहि नाहीं. पाणी तो अधिकच सांडतो. पण त्याचा न्याय निराळा. आम्ही आमच्या कुळाबद्दल बोलत आहों, कारण आमचा दोष गुणाच्या वेषांत येतो आणि म्हणून दिसत नाहीं.

शिवाय प्रवासी कंपनीबरोबर जाणारास निदान एक पळवाट असते: बेत आपला नव्हता असें त्याला म्हणतां येतें. स्वतः बेत आंखणाऱ्यास ती नाहीं. कागदावरचा प्रत्येक आंकडा त्यानेंच लिहिलेला असतो, म्हणून प्रत्येक आंकड्यापुढें हे पैसे कोणाच्या सोसण्यानें वांचले हें विचारण्याचें कर्तव्यहि त्याचेंच. मराठी माणूस अंदमानला पुष्कळदां तीर्थ म्हणूनच जातो. १९०६ सालीं पूर्ण झालेल्या त्या कारागृहांत सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत होते. माणसाचें सर्वस्व हिरावून घेण्यासाठीं जी जागा बांधली गेली, तिच्यापुढें हात जोडण्यास जातांना वाटेंत दुसऱ्याचें कांहीं उचलूं नये, एवढी शुचिता तीर्थयात्रेस शोभते.

हें सारें आम्हीं आमच्या स्नेह्यास सांगितलें. तो थोडा हिरमुसला. कागद घेऊन गेला. आठ दिवसांनीं आला तेव्हां कागदावर सहांऐवजीं तीन बेटें होतीं, बाराटांग खोडलेलें होतें, आणि शहीद द्वीपापुढें एका रात्रीऐवजीं चार रात्री लिहिल्या होत्या. तळाची बेरीज मात्र पूर्वींइतकीच होती. बोटींवर वाढलेला खर्च फेऱ्या कमी झाल्यानें भरून निघाला होता. चार रात्री त्या एवढ्याशा बेटावर करणार काय, असें आम्हीं विचारलें. मुलीला भरती-ओहोटी पुरी पाहावयाची आहे, असें तो म्हणाला.