तुळशीपत्र कोणाच्या घरावर?

विनोदी चित्रपटात नैतिक प्रश्न शोधू पाहणे हा समीक्षेचा अतिउत्साह ठरण्याचा धोका असतो. तथापि विनोद ज्या अवघडलेपणावर उभा राहतो, ते पुष्कळदा एखाद्या न सुटलेल्या नैतिक पेचातूनच आलेले असते. अँथनी आणि जो रूसो या बंधूंनी दिग्दर्शित केलेला ‘यू, मी अँड डुप्री’ (२००६) हा अमेरिकन चित्रपट कलाकृती म्हणून सामान्यच म्हणावा लागेल. त्याचा उत्तरार्ध तर बराचसा सैल आहे. पण नवपरिणितांच्या घरी येऊन न हलणारा पाहुणा ही त्याची मूळ कल्पना दिसते तितकी निरुपद्रवी नाही.

कार्ल आणि मोली यांचे नुकतेच लग्न झाले आहे. कार्लचा बालमित्र डुप्री या लग्नाला हजर राहिल्यापायी नोकरीला आणि राहत्या जागेला मुकतो, आणि काही दिवसांपुरता म्हणून या दोघांच्या घरी येतो. मग सोफ्यावर विवस्त्र झोपणे, टेलिफोनवरील ध्वनिमुद्रित निरोप परस्पर बदलणे, अखेर दिवाणखान्याला आग लागणे, असा परिचित प्रहसनाचा क्रम सुरू होतो. प्रेक्षक हसतो तो पाहुण्याच्या मुक्कामाची लांबी पाहून. खरा प्रश्न मात्र मुक्कामाच्या लांबीचा नाही.

लांबीचा प्रश्न परंपरेने केव्हाच हाताळलेला आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे; मात्र मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एक रात्र राहणारा तोच अतिथी, अशीही व्याख्या येते. येण्याला तिथी नाही, जाण्याला मात्र आहे. तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलवणाऱ्याच्या अकलेविषयी शंका घेणारी म्हण मराठीत आहेच. इमॅन्युएल कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात परक्याचा भेटीचा हक्क मान्य केला, पण पाहुणा म्हणून घरात राहण्याच्या हक्कासाठी वेगळ्या कराराची गरज सांगितली. थोडक्यात, पाहुण्याने केव्हा जावे याची उत्तरे भरपूर आहेत. पाहुणा कोणाचा, या प्रश्नाला मात्र ही सारी विवेचने बगल देतात. कारण ‘यजमान’ हे पद ती एकवचनी गृहीत धरतात.

डुप्रीचे ऋण आहे ते कार्लवर. मैत्री त्याची, अपराधभावनाही त्याचीच. मोलीच्या वाट्याला येते ती संमती. शाळेत शिकवून घरी परतलेल्या या स्त्रीला आपल्याच दिवाणखान्यात सावधपणे पाऊल टाकावे लागते, ते तिने कधीही न काढलेल्या कर्जाच्या फेडीसाठी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार आहे. येथे घर ठेवणाऱ्याचेही आहे, इतकाच काय तो फरक. आणि त्यामुळेच त्यातील अन्याय चटकन नजरेस येत नाही. दुसऱ्याच्या वतीने उदार होता येते काय, असा हा प्रश्न आहे.

याच प्रश्नाचे अतिशय कठोर रूप महाभारताच्या अनुशासनपर्वात आढळते. गृहस्थ असूनही मृत्यूला कोणी जिंकले, या युधिष्ठिराच्या प्रश्नावर भीष्म सुदर्शनाची कथा सांगतात. अग्निपुत्र सुदर्शन कुरुक्षेत्री पत्नी ओघवतीसह राहतो. अतिथीला काहीही नाकारायचे नाही, प्रसंगी स्वतःचे शरीरही नाही, अशी त्याची तिला आज्ञा आहे. तो समिधा आणण्यास गेला असता एक ब्राह्मण येतो आणि नेमकी तिचीच मागणी करतो. ती संकोचते, परंतु पतीचे वचन आठवून मान्य करते. सुदर्शन परततो तेव्हा त्याच्या मागे लोहदंड घेऊन मृत्यू उभा असतो. व्रत ढळले की प्रहार करावा, या प्रतीक्षेत. सुदर्शन क्षोभ आवरतो, तो ब्राह्मण धर्म म्हणून प्रकट होतो आणि मृत्यू पराभूत होतो. कथेची सारी रचना सुदर्शनाच्या परीक्षेभोवती आहे. मृत्यू उभा आहे त्याच्या मागे, जिंकतो तो. पण अतिथीला जे द्यावे लागले ते सुदर्शनाचे नव्हते. धर्म ओघवतीचीही स्तुती करतो, तिचे अर्धे शरीर नदी होऊन लोकांना पावन करील असा वरही देतो; उरलेले अर्धे पतीच्या मागे जाईल. अतिथिधर्माने तिची केलेली ही वाटणी त्या परंपरेने वर म्हणून नोंदवावी, हे पुरेसे बोलके आहे.

झाक देरिदा यांनी १९९६ मधील आतिथ्यविषयक व्याख्यानांचा शेवट अशाच ठिकाणी आणला आहे. पाहुण्यांच्या रक्षणासाठी आपल्या कन्या जमावाच्या हवाली करू पाहणारा बायबलमधील लोट, आणि गिबा येथील लेवीची उपपत्नी, या कथांपाशी ते थांबतात. त्यांचे एरवी बहुचर्चित ठरलेले द्वंद्व निरट आतिथ्य आणि सशर्त आतिथ्य यांच्यातील आहे. परंतु निरट आतिथ्याची किंमत कोणाच्या देहातून वसूल होते, हा त्या विवेचनाचा अधिक अस्वस्थ करणारा भाग आहे.

या पार्श्वभूमीवर चित्रपटातील एक प्रसंग वेगळा उठून दिसतो. आगीनंतर हाकलला गेलेला डुप्री पावसात बाकावर सामानासह बसलेला दिसतो, आणि त्याला परत घरी आणण्याचा पुढाकार मोली घेते. जिचे काहीही देणे नाही, जिचे नुकसान झाले आहे, तिने दार उघडावे. हेच या चित्रपटातील एकमेव खरे आतिथ्य होय, कारण ते प्रथमच तिचे स्वतःचे आहे. दुर्दैवाने संहितेला त्याचे भान नाही. परतलेला डुप्री एकाएकी गुणी होतो: स्वयंपाक करतो, दिवाणखाना नव्याने सजवतो, शेजारच्या मुलांत मिसळतो. म्हणजे तो मुक्कामाचे भाडे भरू लागतो आणि दानाची जागा विनिमय घेतो. उपयुक्त पाहुणा हा पाहुणा उरतच नाही, हे पटकथाकाराच्या लक्षात आलेले दिसत नाही. दुसरीकडे, कार्लने बोलावलेला मित्र ही जी निष्ठा होती, तोच मित्र मोलीने बोलावताच संशयाचे कारण बनतो. पत्नीचे औदार्य पतीच्या मत्सरातच रूपांतरित करावे, याखेरीज या प्रकारच्या चित्रपटांना दुसरा मार्ग ठाऊक नसावा.

घरात एकदाही मुक्काम न करणारा मोलीचा पिता येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. तो कार्लचा मालकही आहे. जावयाने आडनावात सासरचे नाव जोडावे, इतकेच नव्हे तर नसबंदी करून घ्यावी, अशी त्याची अपेक्षा असते. सोफा व्यापणाऱ्या मित्राला बाहेर काढता येते. नाव आणि वंश यांवर हक्क सांगणाऱ्याला ‘आता निघा’ असे म्हणण्याची सोय नसते, कारण त्याला पाहुणा म्हणून कोणी ओळखलेलेच नसते.

आणि एक तपशील, जो चित्रपटात ओझरता येऊन जातो. लग्नात मिळालेल्या भेटींबद्दलची आभारपत्रे लिहिण्याचे काम कार्लकडे असते. तो ते करीत नाही. ती पत्रे अखेर डुप्री लिहितो. ज्या घराने त्याला दोनदा आसरा दिला, त्या घराच्या वतीने इतरांचे आभार तो मानतो. मोलीचे आभार मानणारे पत्र मात्र त्या गठ्ठ्यात असण्याचे कारण नव्हते. तिने काही दिले, असे त्या घरात कोणाला वाटलेलेच नसते.