काढता येईल असं ठेवावं

लहान खोलीत सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न आपण जागेचा समजतो. कुठे आणखी एक फळी बसेल, पलंगाखाली किती मावेल, कपाटाच्या डोक्यावर काय चढवता येईल, असा हिशेब मांडतो. पण वस्तू ठेवायची असते एकदा आणि काढायची असते वर्षभर. म्हणून मावेल का, हे विचारण्याआधी निघेल का, हे विचारावं. दहा बाय दहाची झोपायची खोली डोळ्यांसमोर आणून एवढं एकच सूत्र सावकाश उलगडून पाहू.

मुंबईत 1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत एकेका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे 160 चौरस फुटांची खोली होती. स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे, झोप, सगळं तिथेच. अशा घरांत रोजचे कपडे खुंटीवर आणि वलणीवर असत. अंथरुणाच्या वळकट्या सकाळी खाटेखाली जात आणि रात्री बाहेर येत. लग्नकार्याच्या साड्या ट्रंकेत, सणावारी लागणारी मोठी पातेली पोटमाळ्यावर. वस्तू किती वेळा लागते, यावरून तिची जागा ठरे. जी रोज लागते ती हाताशी आणि जी वर्षातून एकदा लागते ती दूर, इतका तो नियम सोपा होता. खोलीत कपाट आणि पलंग आले, तरी हा नियम जुना झालेला नाही.

आधी कपाट पाहू. उभ्या माणसाचा हात न वाकता, टाचा न उंचावता जिथे पोचतो, तो मांडीपासून डोळ्यांपर्यंतचा पट्टा खोलीतली सगळ्यात मोलाची जागा. ती रोजच्या कपड्यांची. पण पुष्कळ घरांत तिथे भरजरी साड्या आणि सूट असतात आणि रोजचे कपडे खुर्चीच्या पाठीवर साचतात. पसारा आळसातून होतो असं आपण म्हणतो. पुष्कळदा तो चुकीच्या उंचीतून होतो.

मग खोली, म्हणजे कप्प्याची खोली. हँगरवरच्या कपड्यांना जवळपास दोन फूट लागतात. घडीच्या कपड्यांना सव्वा फूट पुरतं. दोन फूट खोल कप्प्यात घड्या रचल्या की मागे दुसरी रांग तयार होते आणि ती नजरेआड जाते. आहे ते दिसत नाही, म्हणून तसंच दुसरं विकत आणलं जातं. तिथे ओढता येणारा खण किंवा पुढे सरकवता येणारी टोपली ठेवली, तर मागची रांगही पुढच्याइतकीच जवळ येते.

पलंगाचं गणितही असंच. पाच बाय साडेसहाचा पलंग साडेबत्तीस चौरस फूट अडवतो, म्हणजे खोलीची जवळजवळ एक तृतीयांश जमीन. त्याच्या पोटातली जागा वाया घालवणं परवडणारं नाही. मात्र वरून उघडणाऱ्या पेटीत काही ठेवलं, की ते काढताना गादी उचलावी लागते, आणि कापसाची गादी एकट्याने उचलण्यासारखी नसते. म्हणून तिथे पाहुण्यांची अंथरुणं, रजया, जादा उशा ठेवाव्यात. टॉवेल आणि चादरी रोजच्या; त्या तिथे गेल्या की आठवड्याभरात पलंगावरच राहू लागतील. बाजूने उघडणारे खण सोयीचे, पण ते पूर्ण बाहेर येण्याइतकी जमीन समोर मोकळी हवी. कपाटाचं दारही तसंच: ते पलंगाला अडून अर्धंच उघडत असेल, तर त्यामागचा अर्धा कप्पा असून नसल्यासारखा.

माळ्यावर वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या हलक्या वस्तू असाव्यात: गणपतीचं मखर, गौरींचे मुखवटे, रिकाम्या बॅगा. मोठ्या बॅगेत लहान बॅग, तिच्यात स्वेटर. खोक्याच्या दर्शनी बाजूला आत काय आहे ते ठळक लिहावं, म्हणजे एका वस्तूसाठी चार खोकी उतरवावी लागत नाहीत. चढायला मजबूत शिडी हवी. पलंगावर स्टूल ठेवून कोणीही चढू नये.

जे निघत नाही, ते खराबही होतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात दमटपणा शिरतो. मागे दोनतीन इंच फट ठेवली तर हवा खेळते. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर त्या रेषेवरच विरते, जर काळी पडते. साडी सुती कापडात गुंडाळावी, पाऊस सरला की सावलीत वारा द्यावा आणि घडी बदलावी. ट्रंक अडगळीखाली गाडली गेली असेल, तर हे काम दरवर्षी पुढच्या वर्षावर जातं.

काढलेली वस्तू परत जागेवर जायला हवी, हा सूत्राचा उरलेला भाग. गच्च भरलेल्या कप्प्यात साडी परत ठेवायला दोन हात लागतात, एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने सारायचं. म्हणून प्रत्येक कप्प्यात थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवावी. ती रिकामी जागा वापरातच असते.

या साऱ्याला आणखी एक बाजू आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या घरांत कोणती वस्तू कुठे आहे, हे बहुधा एकाच बाईला ठाऊक असतं. आजारी असली, माहेरी गेली, तरी तिला फोन येतो: आधार कार्ड कुठे, बाळाचं टोपडं कुठे. खोली लावताना घरातल्या प्रत्येकाने सोबत बसावं, आजोबांचा हात किती उंच जातो आणि मुलीचा किती, ते पाहून जागा ठरवाव्यात. न विचारता ज्याला त्याला आपली वस्तू काढता आली आणि परत ठेवता आली, तर ती लहान खोली नीट लागली, असं मी म्हणेन.