कैसराचे नाणे आणि पाचारण

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील विटर्स नावाच्या एका विद्यार्थ्याची दृष्टी दिवसेंदिवस अधू होत चालली होती. अंधांना स्वावलंबी करण्यासाठी सरकार जे साहाय्य देते, त्यासाठी त्याने १९७९ साली अर्ज केला. तो नाकारला गेला. कारण त्याला बायबलचा अभ्यास करून धर्मसेवक व्हायचे होते. १९८६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्वाळा दिला की, अशा साहाय्याने राष्ट्रीय घटनेचा भंग होत नाही. परंतु १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेवर बोट ठेवून त्याला पुन्हा नकार दिला. सार्वजनिक पैसा धर्मशिक्षणावर खर्च करू नये, असे ती घटना सांगत होती.

पुढे त्याच राज्यात डेव्ही नावाच्या हुशार विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मंजूर झाली. पण त्याने धर्मसेवेचा अभ्यासक्रम निवडताच ती अडली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी राज्याची बाजू उचलून धरली. राज्याने धर्मशिक्षणास मनाई केलेली नाही, केवळ त्याचा खर्च उचललेला नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

वकील होऊ पाहणाऱ्याला जे मिळते, ते धर्मसेवक होऊ पाहणाऱ्याला का मिळू नये? त्याचे आईवडीलही कर भरतातच. विटर्सला हवे असलेले साहाय्य तर त्याच्या अंधत्वासाठी होते, श्रद्धेसाठी नव्हे. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे मला न्याय्य वाटत नाही. गरजू माणसाला मदत करताना त्याच्या अंतःकरणातील हाक कोणती, हे सरकारने विचारू नये.

तथापि, धर्मगुरू घडवण्याचा भार सरकारने वाहावा, असे मात्र मी म्हणणार नाही. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे भारतीय संविधानाचे २७ वे कलम सांगते. आपल्यासारख्या अल्पसंख्याकांनी या कलमाचे मोल विसरू नये. शिवाय खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपली रीत आहे. ज्याची सारी जडणघडण सरकारी तिजोरीतून झाली, त्याने सरकारच्या अन्यायाविरुद्ध वेदीवरून कोणत्या तोंडाने बोलावे?

माझ्या सेमिनरीतील शिक्षणाचा खर्च श्रद्धावंतांच्या दानातून भागला. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या मायमाउलींची नाणीही त्यात होती. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. परंतु प्रवचनाची तयारी करताना आळस येतो, तेव्हा त्या नाण्यांची आठवण मला पुन्हा मेजापाशी बसवते. सरकारी धनादेशाने ते ऋण माझ्या मनावर ठेवले असते काय?

प्रभूने नाण्यावरील कैसराचा मुखवटा दाखवला होता. माणसावर मात्र परमेश्वराची प्रतिमा आहे. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाला पाचारण झाले, तर त्याला घडवण्याची जबाबदारी प्रथम आपली आहे. पुढच्या वेळी सेमिनरीसाठी दानाची थैली आपल्यासमोर येईल, तेव्हा एवढे ध्यानात असू द्यावे.